जुन्या बॅटरीतलं लिथियम परत मिळवण्याची सक्ती हवी की नको?

चाकणकर

केंद्र सरकारचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट 2022 मध्ये आले. मोबाइल आणि विजेवरच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्यांमधून रिसायकलरने किती साहित्य परत काढायचं, ते त्यात लिहिलेलं आहे: 2024-25 मध्ये 70 टक्के, पुढच्या वर्षी 80 आणि 2026-27 पासून 90. ऐकायला भक्कम वाटतं. पण हा आकडा सगळ्या साहित्याचा मिळून आहे. तांबं, ॲल्युमिनियम, पत्रा, ग्राफाइट, सगळं एकाच काट्यावर. सेलच्या वजनात लिथियम असतं दीड ते तीन टक्के. ते सगळंच्या सगळं वाया गेलं तरी 90 चा हिशेब जुळू शकतो!

युरोपीय संघाने 2023 च्या नियमांत लिथियमला वेगळं लक्ष्य दिलं आहे. 2027 अखेर 50 टक्के, 2031 अखेर 80. आपण तर लिथियम जवळपास पूर्ण बाहेरून आणतो. आपल्याकडे अशी सक्ती आधी यायला हवी होती. विरोधी मतं जरूर मांडा.

अभिक्रिया

माझा विरोध आहे. मी याच क्षेत्रात प्रोसेसचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सेल दळून जी काळी पावडर मिळते (आम्ही ब्लॅक मास म्हणतो) ती सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. मग आधी तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम काढायचं, नंतर मँगनीज, कोबाल्ट, निकेल. लिथियमचा नंबर बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी. तोवर प्रत्येक गाळणीत थोडं थोडं लिथियम गाळाबरोबर गेलेलं असतं. उरलेलं द्रावण आटवून, 90 अंशांच्या आसपास तापवून त्यात सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घातली की पांढरं लिथियम कार्बोनेट खाली बसतं. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हे उलट कमी विरघळतं. म्हणून गरम असतानाच गाळावं लागतं. द्रावण थंड होऊ दिलं तर त्यातलं काही परत पाण्यात जातं. आणि मागे उरतं सोडियम सल्फेटचं खारं पाणी, ते निस्तरण्याचा खर्च वेगळा.

हा सगळा संसार कोबाल्ट आणि निकेलच्या पैशावर चालतो. आपल्याकडे ई-रिक्षात, बसमध्ये, आता स्कूटरमध्येही एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी वाढते आहे. तिच्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. चीनमध्ये 2022 च्या अखेरीस टनाला सहा लाख युआनच्या घरात गेलेलं लिथियम कार्बोनेट 2024 च्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास उतरलं होतं. अशा भावात सक्ती केलीत तर रिसायकलर एलएफपी गेटवरूनच परत पाठवतील.

चाकणकर

एलएफपी वाढते आहे म्हणूनच तर नियम हवा. बाजारावर सोडलं तर तांबं निघेल, ॲल्युमिनियम निघेल आणि बाकीचं टाकून दिलं जाईल. एलएफपीतून लोह-फॉस्फेट घन ठेवून फक्त लिथियम द्रावणात उतरवायची पद्धत आहे, तिथे ते शेवटपर्यंत थांबत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. खर्चाचं म्हणाल तर 2022 च्या नियमांत जबाबदारी उत्पादकावर टाकलेलीच आहे. बॅटरी विकताना नफा त्यांचा, मग शेवटचा खर्च रिसायकलरने एकट्याने का सोसायचा? शिवाय महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये 1500 कोटींची योजना मंजूर केली आहे. सरकारी पैसा घ्यायचा तर लिथियम किती काढलं ते दाखवायला नको?

देशप्रेमी_77

एवढी यातायात कशाला? जम्मूत 59 लाख टन साठा सापडलाय ना.

चाकणकर

जम्मूतल्या रियासी जिल्ह्याचा तो आकडा फेब्रुवारी 2023 मधला प्राथमिक अंदाज आहे, तोही खनिजाचा, शुद्ध लिथियमचा नव्हे. त्या खाणपट्ट्याचा लिलाव पुरेशा बोली न आल्यामुळे रद्द करावा लागला होता. त्यावर विसंबून घरातलं टाकून देणं मला पटत नाही.

कुर्ला_वेस्ट

तुम्ही दोघं प्लांटच्या गेटच्या आतलं बोलताय. माल गेटपर्यंत येतो का, ते आधी बघा.

आमचा भंगाराचा धंदा वडिलांपासूनचा. लॅपटॉपचा पॅक आला की पोरं स्क्रू-ड्रायव्हर घालून प्लास्टिक फोडतात, पट्ट्या तोडून सेल सुटे करतात आणि एकेकाला मल्टिमीटर लावतात. तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर एका क्रेटमध्ये. ते पॉवर बँक, टॉर्च, फवारणी पंप बनवणाऱ्यांकडे जातात. मेलेले गोणीत. त्या गोणीला कोणी धड भाव देत नाही, वर आगीची भीती. मग ती कुठे जाते ते विचारू नका, कचऱ्याच्या गाडीला आग लागली की कळतं.

आता इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी घ्या. उकिरड्यावर पडलेली कधी पाहिलीत? नाही दिसणार. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे बिलातून वजा करतो, म्हणून ती घरोघरून आपोआप परत येते. शिसं गल्लीबोळात वितळवून लोकांची पोरं आजारी पडतात, ते पाप वेगळं आणि ते थांबलंच पाहिजे. पण गोळा करायची रीत मात्र तिच्याकडून शिकण्यासारखी आहे. लिथियमच्या मेलेल्या सेलला किलोमागे पक्का भाव द्या, बाकी टक्केवारी नंतर.

शिवारातून

दळायची घाई नको एवढंच म्हणेन. गाडीतून काढलेल्या पॅकमध्ये बऱ्याचदा सत्तर-ऐंशी टक्के क्षमता शिल्लक असते. आमच्याकडे रात्री-बेरात्री वीज येते. सोलर पॅनेलला असा पॅक जोडला तर आणखी काही वर्षं सहज निघतील. लिथियमची सक्ती झाली की चांगला मालही दळणात जाईल.

अभिक्रिया

शिवारातून, पुनर्वापराला माझा पाठिंबा आहे, पण प्रत्येक सेल तपासून आणि नवीन बीएमएस (बॅटरीचं चार्जिंग आणि तापमान सांभाळणारं सर्किट) लावून. नुसता व्होल्टेज बघून नाही. आतून खराब झालेला सेलही तीन व्होल्ट दाखवू शकतो.

कुर्ला_वेस्ट, भावाचं पटतं, पण गोण्या साठवण्याचं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या फ्रेडरिकटाऊनला बॅटरी रिसायकलिंगचा मोठा कारखानाच पेटला, आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. तिथे ही गत, तर पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल? सेल जळताना हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतो, फुफ्फुसं जाळणारा वायू आहे तो. ज्याला भाव द्यायचा त्याला वाळूचे डबे, टर्मिनलला लावायची टेप आणि आठवड्याला माल उचलणारी गाडीही द्या.

कुर्ला_वेस्ट

गाडी वेळेवर आली तर आम्हाला तरी गोणी घरात ठेवायची हौस आहे का, ताई? खाली गोदाम, वर आमचंच बिऱ्हाड आहे.

चाकणकर

मग मागणी अशी लिहू या: उत्पादकाने मेलेल्या सेलला किलोमागे ठरलेला भाव द्यायचा, उचल त्याचीच, आणि रिसायकलरच्या हिशेबात लिथियमचा रकाना वेगळा. एलएफपीला सुरुवातीला कमी टक्के, पण शून्य नाही.

अभिक्रिया

वेगळ्या रकान्याला हो. आज किती जातंय ते तरी दिसेल. टक्केवारीच्या सक्तीला मात्र अजूनही नाही, निदान सोडियम सल्फेटच्या पाण्याची सोय कोण करणार हे त्याच कागदावर येईपर्यंत. ते पाणी नाल्यात सोडून मिळवलेलं लिथियम मला नको.