सल्ला हवा: फ्री-फ्लो एक्झॉस्ट बसवलेल्या ६५० साठी कोणता फ्युएल ट्यूनर घ्यावा?

चिखलवाट
मंडळी, मदत करा. ६५० सीसीची पॅरलल ट्विन आहे, फ्युएल इंजेक्शनवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत धागा त्या कंपनीच्या उण्यादुण्यांवर जाईल. दोन महिन्यांत केलेले उद्योग असे: बेंडपाइपपासून अख्खी नवी एक्झॉस्ट सिस्टिम, त्यात कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) नाही. जास्त हवा घेणारा एअर फिल्टर. आणि फिल्टर बॉक्सच्या झाकणाला भोकं.

आवाज झकास झाला, पण २५०० ते ३५०० आरपीएमला मूठ (थ्रॉटल) स्थिर धरली की गाडी हलके झटके देते, कोणी मागून धरतंय आणि सोडतंय असं वाटतं. एकदम पिळली तर क्षणभर गुदमरते. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटाके. ५००० च्या पुढे मात्र पूर्वीपेक्षा मस्त खेचते.

"मिक्शर लीन झालंय (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय), पेट्रोलचं प्रमाण बदलणारा ट्यूनर बसव" असं जो तो सांगतोय. डोक्यात बूस्टर प्लग, फ्युएलएक्स, रॅपिड बाइक, पॉवर कमांडर आणि ईसीयू फ्लॅश (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रामच बदलणं), एवढे पर्याय आहेत. वापर रोजचा, कधीतरी लांबचा प्रवास. रेसिंग नाही. कोणता घेऊ? आगाऊ आभार.

सहावा_गिअर
पॉवर कमांडर आणि सोबत ऑटोट्यून (चालवतानाच पेट्रोलचा तक्ता सुधारणारा जोड). डोळे झाकून घे.

बिनआरशाचा
बूस्टर प्लग. दहा मिनिटांत बसतो, सॉफ्टवेअरची कटकट नाही. माझ्या गाडीवर दोन वर्षं आहे, पिकअप मऊ झाला. फार खोलात जाऊ नकोस राव.

दहाचा_पाना
चिखलवाट, डबा निवडण्याआधी तीन गोष्टी सांग. मूळ ऑक्सिजन सेन्सर जोडलेला आहे का, आणि आहे तर नव्या पाइपात त्याची जागा बदलली का? हेडला बेंडपाइप बसतो तिथली गॅस्केट नवी टाकली की जुनीच? चेक इंजिन लाइट लागतो का?

चिखलवाट
सेन्सर दोन्ही जोडलेले आहेत, पण नव्या पाइपात वीतभर मागे गेलेत. गॅस्केट बहुतेक जुनीच, बसवणाऱ्याने "चालतंय की" म्हणून तीच परत दाबली. लाइट लागत नाही.

दहाचा_पाना
मला हेच ऐकायचं होतं. आता जरा मोठं लिहितो.

ईसीयू पेट्रोल दोन तऱ्हांनी ठरवतो. हळू आणि एकसारखं चालवताना तो ऑक्सिजन सेन्सरकडे बघत सतत दुरुस्ती करतो, हा क्लोज्ड लूप. मूठ बरीच उघडली की सेन्सरला बाजूला ठेवून पोटातल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो, तो ओपन लूप. कंपनीचा सेन्सर बहुधा नॅरोबँड असतो. साधारण ०.४५ व्होल्टच्या खाली गेला की लीन, वर गेला की रिच (पेट्रोल जास्त), एवढंच तो सांगतो. किती लीन, ते त्याला कळत नाही. ईसीयू त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे डोलत राहतो.

आता तुझी लक्षणं बघ. झटके २५००-३५०० ला येतात, म्हणजे बरोबर क्लोज्ड लूपच्या हद्दीत. तिथे नुसता सायलेन्सर मोकळा केल्याने गाडी फार लीन राहायला नको, ईसीयू भरपाई करतोच. पण गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल तर? एक्झॉस्टमध्ये प्रत्येक धक्क्यामागून क्षणभर निर्वात तयार होतो आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो "लीन" ओरडतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. म्हणजे ज्या गाडीला तू लीन समजतोयस ती तिथे रिच असू शकते. तीच हवा मूठ सोडल्यावर उरलेल्या पेट्रोलला पाइपात पेटवते, ते तुझे फटाके. शिवाय सेन्सर मागे सरकला की त्याला बातमी उशिरा मिळते, पाइपही तिथे थंड असतो, त्यामुळे ईसीयूचं डोलणं वाढतं. तुला जाणवणारी ओढाताण तीच असेल असा माझा दाट संशय आहे.

तेव्हा आधी गॅस्केट. इंजिन थंड असताना जोडावर साबणाचं पाणी सोड, गाडी चालू कर, बुडबुडे बघ. झाकणही मूळचं परत बसव. भोकं पाडलेल्या बॉक्समुळे हवेचा हिशेब नेमका कुठे चुकतो ते शोधणं फार वैतागाचं काम आहे.

सहावा_गिअर
पाना भाऊ, पटलं. पण ऑटोट्यून हे सगळं आपोआप सांभाळून घेईल ना? त्यासाठीच तर असतो.

दहाचा_पाना
नाही ना! ऑटोट्यूनचा वाइडबँड (किती लीन, किती रिच तेही मोजणारा) सेन्सरही त्याच पाइपात बसतो. गळतीची हवा त्यालाही दिसते, आणि तो मनापासून चुकीचा मॅप (पेट्रोलचा तक्ता) तयार करतो. मूठ पूर्ण बंद असते तो रकानाही त्याच्या हाती देऊ नये. मूठ सोडल्यावर ईसीयू पेट्रोल तोडतो, सेन्सरला नुसती हवा दिसते, आणि ऑटोट्यून तिथे पेट्रोल ओतत सुटतो.

बिनआरशाचा, तुमच्या बूस्टर प्लगबद्दल. तो हवेच्या तापमानाचा सेन्सर फसवतो. हवा २० अंशांनी थंड आहे असं ईसीयूला वाटतं, थंड हवा दाट, म्हणून तो सहा-सात टक्के पेट्रोल जास्त देतो. ३० अंशांना हवेचं तापमान ३०३ केल्विन. २० ला ३०३ ने भागा, तोच आकडा येतो. वस्तू प्रामाणिक आहे. पण सगळीकडे सारखीच वाढ देते, आणि क्लोज्ड लूपमध्ये ऑक्सिजन सेन्सर ती वाढ काढूनही घेतो. एकदम मूठ पिळल्यावरची अडखळ कमी होते, तुम्हाला जाणवला तो मऊपणा बहुतेक तोच. सायलेन्सर तेवढा बदललेल्या गाडीला ठीक. चिखलवाटच्या गाडीला अपुरा.

बिनआरशाचा
मान्य. माझं फक्त सायलेन्सरच बदललेलं आहे.

रात्रपाळी
कार्ब्युरेटरवाल्यांनी काय पाप केलंय? आम्हाला कोणी ट्यूनर विचारत नाही.

दहाचा_पाना
तुमचा ट्यूनर म्हणजे मेन जेट आणि नीडलची क्लिप. नशीबवान आहात, लॅपटॉप लागत नाही. :)

काळाप्लग
कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा कॅटकॉन काढणं आणि उत्सर्जनाशी जोडलेलं फ्युएलिंग बदलणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत 'सुपर ट्यूनर' विकल्याच्या प्रकरणात हार्ले-डेव्हिडसनने तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेशी तडजोड केली, तेव्हा दंडच १ कोटी २० लाख डॉलर होता. वॉरंटी शिल्लक असेल तर तिचाही विचार करा. मूळ पाइप भंगारात देऊ नका.

चिखलवाट
मूळ पाइप जपून ठेवलाय.

तर बातमी अशी: डाव्या सिलेंडरच्या जोडावर बुडबुड्यांची अक्षरशः रांग! दोन्ही गॅस्केट नव्या टाकल्या, नट थोडे-थोडे करून सारखे आवळले, झाकण मूळचं लावलं. पहिल्याच फेरीत फटाके बरेच कमी आणि झटके निम्म्यावर. पाना दादा, साष्टांग. उरलेले झटके सेन्सर मागे गेल्यामुळे असतील का? आणि एकदम पिळल्यावरची गुदमर तशीच आहे.

एका मित्राकडून वाइडबँड मीटर आणून पाइपात लावला. ३००० ला स्थिर चालवताना लॅम्डा (१ म्हणजे आदर्श मिश्रण, त्याच्या वर लीन, खाली रिच) १ च्या आसपास डोलतो. अर्धी मूठ, ४५०० ला ०.९८. पूर्ण मूठ, ६००० ला ०.९६. एकदम पिळलं की क्षणभर १.२ च्या वर जाऊन खाली येतो. याचा अर्थ काय लावू?

दहाचा_पाना
वा, आकडे आणलेस. आणि लॅम्डात आणलेस हे फार बरं केलंस. एएफआरमध्ये (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) लिहिलं की लोक १४.७ घेऊन भांडत बसतात. शुद्ध पेट्रोलला १४.७, पण २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तोच आदर्श साधारण १३.५ वर येतो. लॅम्डा १ म्हणजे मात्र कुठल्याही इंधनाला आदर्शच.

आता गंमत बघ. जिथे तू लीन समजत होतास तिथे ठीक आहे. आणि जिथे "मस्त खेचते" म्हणालास तिथे गाडी खरी लीन आहे. पूर्ण मूठ उघडल्यावर ताकदीसाठी लॅम्डा ०.८६ ते ०.९० च्या दरम्यान हवा, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला तर त्यातही रिच बाजूला. ०.९६ वर लांब चढ चढवू नकोस. मोठ्या आवाजाने आपल्याला ताकद वाढल्यासारखी वाटते, माझंही एकदा असंच झालं होतं. फरक एवढाच की मी पिस्टन बदलल्यावर शहाणा झालो.

म्हणजे तुला ट्यूनर हवाच, पण वरच्या भागासाठी. त्यासाठी आरपीएम आणि मूठ यांचा वेगवेगळ्या घरांचा तक्ता बदलू देणारा हवा. पॉवर कमांडरच्या जातीचा पिगीबॅक इंजेक्टर आणि ईसीयूच्या मध्ये बसून इंजेक्टर किती वेळ उघडा राहील ते टक्क्यांत कमी-जास्त करतो, दर २५० आरपीएमला एक ओळ असते. गुदमरीसाठी त्यात मूठ वेगाने उघडल्यावर थोडं जादा पेट्रोल देण्याची सोय बघ. ही क्षणिक गोष्ट आहे, स्थिर तक्ता कितीही सुधारला तरी ती जात नाही.

उरलेल्या झटक्यांचं उत्तर हो. सेन्सरची बैठक मूळच्या अंतरावर वेल्ड करून घेता आली तर उत्तम. नाहीतर रॅपिड बाइकसारखे ट्यूनर सेन्सरचा संदेशच बदलून ईसीयूला किंचित रिच लक्ष्य धरायला लावतात, त्याने खालचं चालवणं गुळगुळीत होतं.

तंत्र म्हणून फ्लॅश सगळ्यात स्वच्छ. मधे वायरचा गुंता नाही, इग्निशन टायमिंग, मूठ सोडल्यावरचा फ्युएल कट, सगळं हाती येतं. पण तुझ्या ईसीयूची मूळ फाइल वाचून आधी जपून ठेवणारा माणूस मिळाला तरच. "माझ्याकडे तयार फाइल आहे" म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

चिखलवाट
असा माणूस अजून भेटला नाही, दोघे भेटले ते तयार फाइलवालेच. मग पिगीबॅक नक्की. माझी एक शंका: इंजेक्टर पुरतील का?

काळाप्लग
पुरतील. ७००० आरपीएमला फोर-स्ट्रोकचं एक चक्र सुमारे १७ मिलिसेकंदांचं. इंजेक्टर त्यातला ८५ टक्के वेळ, म्हणजे साडेचौदा मिलिसेकंदांच्या पुढे उघडा राहू लागला तर चिंता. नुसत्या एक्झॉस्ट-फिल्टरने तिथवर जात नाही. उद्या बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवलास तर परत विचार.

सहावा_गिअर
म्हणजे पॉवर कमांडरच ना शेवटी? मी पहिल्याच प्रतिसादात म्हणालो होतो. ;)

दहाचा_पाना
उत्तर बरोबर, गणित चुकलेलं. अर्धे मार्क.

चिखलवाट, मागवण्याआधी तुझ्याच मॉडेलचं आणि वर्षाचं किट निघतं का ते तपास, कपलर जुळले नाहीत तर वायर कापू नकोस. तुझ्याच सायलेन्सरचा मॅप उतरवून घेता आला तरी तो फक्त सुरुवात, डीबी किलर (सायलेन्सरातला आवाज कमी करणारा तुकडा) काढला-घातला तरी आकडे हलतात. २० टक्क्यांच्या खालच्या मुठीला हात लावू नकोस, तिथे ईसीयूला त्याचं काम करू दे. वाइडबँड कायमचा ठेवणार असशील तर १८ मिमीची बैठक पाइपाच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर, म्हणजे पाण्याचे थेंब सेन्सरवर साचणार नाहीत. आणि त्याचा हीटर बंद ठेवून गाडी चालवू नकोस, काजळीने मरतो. मित्राचा आहे ना?

चिखलवाट
मित्राचाच. आणि गेले चार दिवस हीटरची वायर काढून, सेन्सर पाइपातच ठेवून फिरतोय. आत्ता काढतो.