मिठाने हँडवॉश ‘दाट’ होतो, ‘घट्ट’ होतो की ‘चिकट’?

अनघा, मुलुंड:
बचतगटासाठी लिक्विड हँडवॉशचं माहितीपत्रक लिहिते आहे. मीठ घातलं की व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाचा वाहायला होणारा विरोध, वाढते, आणखी घातलं की उतरते. ‘विष्यंदिता’, ‘श्यानता’ हे शब्द कोशात आहेत, पण भांड्याशी उभ्या बाईला चालणारा शब्द कोणता? आत काय घडतं तेही सांगा, म्हणजे शब्द नेमका बसेल.

दीक्षित, माटुंगा:
अनघाताई, ‘दाट’ टाळा. वरण दाट म्हणजे डाळ जास्त, पाणी कमी. इथे एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस देणारा मुख्य घटक) तेवढंच असतं, बदलतो तो मिसेलचा, म्हणजे त्याच्या रेणूंच्या पुंजक्याचा, आकार. हे रेणू पाणी टाळणाऱ्या शेपट्या आत आणि पाण्यात रमणारी डोकी बाहेर ठेवून पुंजके बांधतात. डोक्यांवर ऋण भार असल्याने ती एकमेकांना ढकलतात, म्हणून पुंजका आखूड राहतो. मिठातलं सोडियम तो भार झाकतं, डोकी जवळ सरकतात आणि मिसेल लांबत जातो. लांब मिसेल एकमेकांत गुंतले की द्रव वाहायला अडतो. याला ‘घट्ट’ म्हणा. ‘चिकट’ तर अजिबात नको; हात धुतल्यावर काही मागे राहतं असा त्याचा अर्थ होतो.

नीरा, विलेपार्ले:
‘तार’ हा शब्दही घ्यावा. चमचा उचलल्यावर धार न तुटता लांबते आणि तुटल्यावर मागे खेचली जाते, ते निव्वळ घट्टपणाचं लक्षण नाही, लवचीकपणाचं आहे. सीटॅब या धन भाराच्या डोक्यांच्या फेसकाच्या पाण्यात सोडियम सॅलिसिलेट हा क्षार घातला की हे फार स्पष्ट दिसतं. सॅलिसिलेट नुसतं बाहेरून भार झाकत नाही, डोक्यांच्या मध्ये शिरून बसतं. म्हणून साध्या मिठापेक्षा कितीतरी कमी मात्रेत मिसेल लांबतात.

सावंत, डोंबिवली:
पत्रकात चाचणी द्याच, कारण ‘इतके टक्के मीठ’ असा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. ८४० ग्रॅम बेस करा: ७० टक्क्यांचं एसएलईएस १५० ग्रॅम, ३० टक्क्यांचं सीएपीबी (कोकामिडोप्रॉपिल बीटेन, जोडीचा फेसक) ४५ ग्रॅम, सुगंध ५ ग्रॅम, पुरवठादाराने सांगितलेल्या मात्रेत प्रिझर्व्हेटिव्ह, बाकी पाणी. एसएलईएस पाण्यात थोडं थोडं सोडून हळू ढवळा. घाई केली तर मध्येच जेलच्या गाठी होतात आणि त्या लवकर विरघळत नाहीत. सायट्रिक ॲसिडने पीएच ५.५ ते ६.५ वर आणा.

मग आठ बाटल्यांत प्रत्येकी ८४ ग्रॅम बेस. २५ टक्क्यांचं मीठपाणी २, ४, ६ असं १६ ग्रॅमपर्यंत घाला आणि साध्या पाण्याने प्रत्येक बाटली १०० ग्रॅम भरा. म्हणजे मीठ ०.५ ते ४ टक्के होईल आणि साबणाचा अंश सगळीकडे सारखा राहील. कोरडं मीठ टाकू नका, पडेल तिथेच गोळा धरतं. रात्रभर ठेवून फेस बसू द्या, २५ अंशांवर व्हिस्कॉमीटरच्या एकाच स्पिंडलने (द्रवात फिरणाऱ्या दांड्याने), एकाच वेगाने मोजा. ढवळण्याच्या जोराने हा द्रव पातळ होतो, त्यामुळे वेग बदलला की आकडे जुळत नाहीत. तापमानानेही आकडा बदलतो, म्हणून मुंबईतल्या मे महिन्यात आणि जानेवारीत खोलीच्या तापमानावर घेतलेले आकडे शेजारी ठेवू नयेत.

सीएपीबीत आधीच साधारण ५ टक्के मीठ असतं, ते हिशेबात धरा. तलावाचं पालिकेचं पाणी मऊ असतं. टँकर किंवा बोअरचं वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळे शिखर, म्हणजे द्रव सर्वांत घट्ट होण्याची जागा, कमी मिठावरच येतं. सुगंध मिठाच्या आधी घालायचा, कारण तोही मिसेलमध्ये शिरतो. लिमोनीनसारखं (लिंबू-संत्र्याच्या सालीतलं) तेल मिसेलच्या गाभ्यात साठून लांब मिसेल आखूड करतं आणि तयार माल सैल पडतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, अल्कोहोल हेही सैल करणारेच.

दीक्षित, माटुंगा:
उतरणीला दोन वेगळे शब्द हवेत. शिखरानंतर मिसेलना फांद्या फुटतात, ताण आला की फांदीचा सांधा मिसेलवरून सरकतो आणि द्रव मोकळा वाहू लागतो. द्रव अजून स्वच्छ असतो; हे ‘पातळ पडणं’. त्याहून मीठ वाढलं की गढूळपणा येतो, थर सुटतात, हे ‘फाटणं’. पातळ पडलेला पाहून लोक आणखी मीठ घालतात आणि फाटवतात. आधी १०० ग्रॅमच्या नमुन्यात ५ ग्रॅम पाणी घालून बघा. घट्ट झाला तर मीठ शिखरापुढे गेलंय. मग सगळ्या मालात बिनमिठाचा बेस मिसळा.

अनघा, मुलुंड:
घट्ट, तार, पातळ पडणं, फाटणं हे चार शब्द घेते. ‘विष्यंदिता’ फक्त आकड्यांच्या तक्त्यावर लिहीन.