नानावटी खटल्यावर लेख लिहायचाय, आधी कोणता कागद वाचावा?

कागदोपत्री: दिवाळी अंकासाठी नानावटी खटल्यावर (नौदल अधिकारी कावस नानावटींनी मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, तो खटला) सात-आठ हजार शब्दांचा लेख करायचा आहे. कात्रणं भरपूर जमली आहेत, पण तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. सुरुवात कुठून करावी? बंद खोलीत नानावटी आणि आहुजाचं जे बोलणं झालं, ते थेट संवाद म्हणून लिहिलं तर चालेल का?

रोजनामा: कात्रणं तूर्त बांधून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाचा २४ नोव्हेंबर १९६१ चा निकाल ई-एससीआरवर (न्यायालयाच्या निकालांच्या ऑनलाइन संग्रहावर) फुकट मिळतो, तो आधी पूर्ण वाचा. वाचताना चार रकाने आखा: वेळ, घटना, सांगणारा कोण, दुसरी बाजू काय म्हणते.

२७ एप्रिल १९५९ या घटनेच्या दिवसाचे रकाने भरलेत की लेखाचा कणा हाती येईल. दुपारी दीडला नानावटी घरून निघाले, ४.२० ला गोळीबार झाला. मधल्या वेळात ते जहाजावर गेले, रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचंय असं सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, मग आहुजाच्या कार्यालयात गेले, तो तिथे नाही म्हणून त्याच्या फ्लॅटवर. "अचानक भडका उडाला" हा बचाव न्यायालयाने याच जवळजवळ तीन तासांवर बोट ठेवून फेटाळला.

तिसरा रकाना रिकामा सोडू नका. रिव्हॉल्वर स्वतःला संपवण्यासाठी घेतलं, हे बचाव पक्षाचं म्हणणं आहे. "नानावटी आत्महत्येच्या विचारात होते" असं सरळ लिहिलंत की तुम्ही नकळत एका बाजूचे वकील होता. असले लेख बहुतेक इथेच फसतात.

पंचनामा_वाचक: संवादाबद्दल: नका लिहू. खोलीत दोघंच होते, त्यातला एक मेला. त्यामुळे तिथलं बोलणं म्हणजे फक्त आरोपीची जबानी. प्रत्येक वेळी "नानावटींच्या सांगण्यानुसार" लावा, वाचक कंटाळत नाही.

त्यापेक्षा टॉवेलवर एक परिच्छेद खर्च करा. आहुजा नुकताच अंघोळ करून आला होता, कमरेला टॉवेल होता. बचाव असा की झटापटीत गोळ्या सुटल्या. प्रेतावर तो टॉवेल जसाच्या तसा होता, सुटलेला नाही की घसरलेला नाही. झटापट झाली असती तर तो राहिला असता का? न्यायालयानेही हाच मुद्दा धरला. कल्पनेतल्या दहा संवादांपेक्षा ही एक वस्तू जास्त बोलते.

जुनी_कात्रणं: दोन चुका हमखास होतात, त्या टाळा. एक, "सरकारने निर्दोष सुटकेविरुद्ध अपील केलं". अपील नव्हतं ते. ज्युरीने (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवल्यावर सत्र न्यायाधीशांनीच तो कौल अमान्य करून १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ खाली खटला उच्च न्यायालयाकडे पाठवला. उच्च न्यायालयात जन्मठेप झाली ११ मार्च १९६० ला. दोन, "भारतातला शेवटचा ज्युरी खटला". त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती, १९७३ च्या संहितेत ती उरली नाही.

'ब्लिट्झ' हे साप्ताहिक उघडपणे नानावटींच्या बाजूने होतं. लोकमत कसं तापलं हे दाखवायला ते उत्तम, घटनाक्रमासाठी नाही.

कागदोपत्री: आभारी आहे. हीच पद्धत एखाद्या अलीकडच्या खटल्याला लावता येईल का? आणि मृत व्यक्तीबद्दल बदनामीचा प्रश्न येतो का?

रोजनामा: अलीकडच्या प्रकरणात एफआयआर बहुधा पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडतो, संवेदनशील गुन्हे वगळून. दोषारोपपत्र मात्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. त्रयस्थाला प्रत हवी असेल तर त्या न्यायालयात कारण देऊन नक्कल अर्ज करा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, म्हणून "आरोपीने पोलिसांना कबुली दिली" या बातमीवर प्रकरण उभं करू नका. बलात्कारपीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापणं गुन्हा आहे.

मृताची बदनामीही होऊ शकते: तो जिवंत असता तर अब्रूला धक्का लागला असता आणि हेतू घरच्यांना दुखावण्याचा असेल, तर बदनामीचं कलम लागतं. म्हणून आहुजाच्या चारित्र्याबद्दल जे लिहाल, ते निकालातल्या कोणत्या परिच्छेदात आहे ते कच्च्या प्रतीत समासात टिपून ठेवा. संपादक विचारणारच.