'स्टेल्थ'ला मराठीत काय लिहू?

रामबाग, इंदूर: रविवारी आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बॅटलटेकचा डाव असतो. पटावर 'मेक', म्हणजे अवाढव्य लढाऊ यंत्रं, फासे टाकून लढवायचा खेळ. भाचरांसाठी नियम मराठीत उतरवतोय आणि 'स्टेल्थ आर्मर'पाशी अडलो. 'लपणारं चिलखत' लिहिलं, तर भाची म्हणाली, "मामा, माझा मेक तर समोर उभा आहे! लपला कुठे?" पोरीचं खरं आहे. मेक दिसतोच. फक्त त्याच्यावर नेम धरणाऱ्याला फाशांवर मध्यम पल्ल्यावरून १ आणि लांबून २ जास्त लागतात. जवळून काहीच नाही.

ग्वाल्हेर: 'दबा' बघा.

बडोदा: दबा नको हो. अंगणात कबुतरं उतरली की आमची मनी पोट जमिनीला टेकवते, नुसतं शेपटीचं टोक हलतं. तो दबा. ससा दबा धरत नाही, दडतो. दब्यात झडप घालायचा बेत असतो. तो शब्द झाडीत दडवलेल्या मेकसाठी राखून ठेवा.

रामबाग: मग 'हुलकावणी'?

बडोदा: हुलकावणी द्यायला हलावं लागतं. तुमच्या खेळात पळणाऱ्याला वेगळी सूट आहे ना?

रामबाग: आहे. ५–६ घरं सरकला की नेम २ नं अवघड. म्हणजे हुलकावणी तिकडे खर्ची पडली.

बडोदा: आणि सेन्सरला काय लिहिलंत?

रामबाग: 'चाहूल'.

बडोदा: छान, पण क्रियापद सांभाळा. चाहूल लागते, आपोआप. मुद्दाम घेतात तो कानोसा. तुमचं ते बीगल प्रोब, दडलेले मेक शोधणारं यंत्र, कानोसा घेतं, ४ घरांपर्यंत. दबा धरलेला सापडला तर 'छडा लागला'.

ग्वाल्हेर: आणि समोर ईसीएम, म्हणजे सेन्सर बिघडवणारं यंत्र, असेल तर? त्याच्या ६ घरांच्या वेढ्यात प्रोब बहिरं होतं, पण आपल्याला कोणीतरी बहिरं करतंय एवढं त्याला कळतं. चाहूल लागली, छडा नाही! ईसीएमला 'गोंगाट' म्हणा. आमच्याकडे 'हल्ला' म्हणतील, पण पुण्याचा पाहुणा ते ऐकून फासे टाकायला लागेल.

रामबाग: 😄 आमच्याकडेही "पोरांनो, हल्ला करू नका" म्हणजे गप्प बसा. बरं, मुख्य शब्द राहिलाच.

बडोदा: जवळून स्पष्ट, लांबून अंधूक. 'पुसट'. पुसट चिलखत.

ग्वाल्हेर: पटलं. पण २ म्हणजे थोडंच, असं पोरांना वाटायला नको. दोन फाशांवर ७ किंवा जास्त ३६ पैकी २१ वेळा पडतं, ९ किंवा जास्त फक्त १० वेळा, ११ किंवा जास्त तर ३ वेळा. म्हणजे आधीच अवघड असलेला नेम पुसटपणानं जवळजवळ संपतो. म्हणून तर फेरीला १० उष्णतेचा भुर्दंड ठेवलाय.

रामबाग: भाचीच्या मेकला उष्णता घालवणारे साधे १० हीट सिंक आहेत. सगळे त्यातच गेले. वर दोन्ही मोठ्या लेझर झाडल्या आणि मेक तापून बंद पडला. आता वहीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय: 'पुसट चिलखत. चालू असताना हात आवरा.'