बडोद्यात जुनी सिटी, सियाझ, वर्ना की रॅपिड? काय तपासावं, वर्षाला खर्च किती?

वाडीकर०६
पाच लाखांच्या आत सेडान घ्यायची आहे. रोज वाडी ते मकरपुरा, महिन्याला साधारण ९०० किमी, शिवाय अधूनमधून पुणे. चार गाड्या बघून ठेवल्या आहेत. २०१६ ची होंडा सिटी पेट्रोल मॅन्युअल, ७८,००० किमी, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. २०१७ ची सियाझ १.४ पेट्रोल, ६१,००० किमी. २०१५ ची वर्ना १.६ डिझेल, १,१०,००० किमी. आणि २०१६ ची रॅपिड डिझेल ऑटोमॅटिक, ती बाकीच्यांपेक्षा बरीच स्वस्त मिळते आहे. चारही जीजे-०६. यातली कुठली घ्यावी, आणि पहिल्या वर्षासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

तेराचा_पाना
मॉडेलचं नंतर बघू, आधी पुराचं बघा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. अकोटा, सयाजीगंज, फतेगंज, समा या भागांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या बऱ्याच दुरुस्त होऊन बाजारात आल्या आहेत. सीटकव्हर नवं, पॉलिश चकाचक, आत अत्तराचा वास, असं दिसलं की जास्तच बारकाईने बघा.

पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येतो तो भाग धुतलेला असतो, पण रीळाच्या तळाशी गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची आडवी रेघ राहते. ती रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. मग सीटचे रूळ जिथे फरशीला बोल्ट केले आहेत तिथे गंज बघा, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबून बघा. स्टेपनी काढून खळग्याच्या सांध्यात बोट फिरवा, बारीक माती हाताला लागते. एअर फिल्टर नवा असेलच, पण डब्याचा खालचा अर्धा भाग कोणी धूत नाही, तो उघडा.

पाण्यात गेलेली गाडी लगेच त्रास देत नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर हळूहळू चढतो आणि सहा महिने-वर्षाने पॉवर विंडो, एबीएस, एअरबॅगचा दिवा असं एकेक सुरू होतं. एअरबॅगचं मॉड्यूल गिअरच्या पुढे फरशीलगत असतं, त्यामुळे पाणी आधी तिथे पोचतं. व्हील बेअरिंग ताशी ६० च्या वर घुमायला लागतात.

पाण्यात असताना कोणी स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. इंजिन तरीही चालतं, फक्त एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी येतं. गॅरेजवाल्याला गेज लावून चारही सिलिंडर मोजायला सांगा. आपापसात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी सोडा. डिझेलमध्ये हे जास्त महाग पडतं. शिवाय विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मालकालाच मागवायला लावा. तो टाळाटाळ करत असेल तर काय समजायचं ते समजा.

कारेलीबाग_कट्टा
रॅपिड स्वस्त का आहे ते सांगतो. तिच्यात सात गिअरचा, दोन ड्राय क्लचवाला डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, डीक्यू२००. अल्कापुरीच्या गरनाळ्याजवळ (रेल्वेखालच्या बोगद्याजवळ) किंवा मांडवीत रखडत चालताना क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि तापतो. पहिल्या-दुसऱ्यात थरथर, गिअरचा दिवा लुकलुकणं, मग फक्त सम किंवा फक्त विषम गिअर पडणं, या क्रमाने दुखणं वाढतं. मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा भाग) गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय तिच्या १.५ टीडीआय डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याची पावती नसेल तर घेतल्या-घेतल्या बदलावा लागेल, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

वर्नाचं १.६ सीआरडीआय इंजिन दमदार आहे, पण महिन्याला ९०० किमीसाठी, तेही शहरातल्या छोट्या फेऱ्यांसाठी, डिझेल घेऊ नका. ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि हवा आत जाते त्या इनटेकमध्ये काजळी साचते, पिकअप मंदावतो. एकेक इंजेक्टर १५ हजारांच्या पुढे जातो. स्टिअरिंग फिरवताना टकटक आली तर घाबरू नका, बहुधा मोटरचं रबर कपलिंग झिजलेलं असतं. तो भाग शेकड्यांत मिळतो, पैसे कॉलम उघडण्याच्या मजुरीचे. मागचं सस्पेंशन मात्र मुळातच मऊ आहे. पाच माणसं आणि सामान घेऊन हायवेवर गाडी झुलते, ते दुरुस्त होण्यासारखं नाही.

सियाझमध्ये सांगण्यासारखं कमी आहे आणि तेच तिचं बलस्थान. पुढचे स्ट्रट माउंट, लिंक रॉड, क्लच, एवढंच. भाग कुठल्याही दुकानात मिळतात.

वाडीकर०६
म्हणजे सिटी की सियाझ एवढंच उरलं. सिटीचं किट आरसीवर चढलेलं आहे असं मालक म्हणतो. तेवढं पुरे आहे का?

तेराचा_पाना
नाही. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. पुढची तारीख प्लेटवर कोरलेली असते, तिच्याशी सर्टिफिकेट आणि सिलिंडरचा नंबर जुळवा. विमा पॉलिसीतही किटची नोंद हवी.

खरा मुद्दा इंजिनाचा. सिटीच्या आय-व्हीटेक इंजिनात टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातला गॅप) आपोआप जुळत नाहीत, हाताने सेट करावे लागतात. सीएनजीवर एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह सीट जास्त झिजतात, व्हॉल्व्ह वर चढतो आणि गॅप कमी होत जातो. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कडा जळते, मग हेड खोलायचं काम निघतं. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगा की इंजिन रात्रभर थंड ठेव. सकाळी पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करा, पेट्रोलवर. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) हेलकावे, एखादा सिलिंडर चुकतोय असं वाटणं, हे वाईट लक्षण. टॅपेट खडखडत असतील तर उलट बरं, गॅप आहे तरी! किटवर चालवणार असाल तर दर २०,००० किमीला टॅपेट तपासा.

याच सिटीत एसीची कूलिंग कॉइल गळण्याची तक्रारही नेहमीची आहे. दरवर्षी उन्हाळ्यात गॅस भरल्याच्या पावत्या दिसल्या तर कॉइल गेलेली आहे असं धरून भाव करा. डॅशबोर्ड उतरवावा लागतो, १२ ते १८ हजार धरून चला.

आरटीओ_फाइल
पैशांचं आणि कागदांचं मी लिहितो. थर्ड पार्टी विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, त्यावर गेलं की ७,८९७, जीएसटी वेगळा. सिटी, सियाझ आणि ही रॅपिड पहिल्या गटात, वर्ना १.६ दुसऱ्यात. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येणार.

घेतल्याबरोबर तेल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक फ्लुइड: ८ ते १० हजार. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी एवढं जुनं रबर बदलाच, चार टायरचे २० ते २६ हजार. बॅटरी ५ ते ६, क्लच १२ ते १६, पुढचं सस्पेंशन तेवढंच. सगळं एकाच वर्षी निघत नाही, पण ५०-६० हजार बाजूला असू द्या, म्हणजे गाडीचा भाव साडेचारच्या आत बसवा. पुढे दर वर्षी सर्व्हिसचे ७ ते ९ हजार. पेट्रोलवर शहरात १३ चा ॲव्हरेज धरला तर १०,८०० किमीला ८३० लिटर लागतं.

गाडी नावावर करायचे फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०, दोन्हींवर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं एनओसी आधी हातात घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडतो.

कारेलीबाग_कट्टा
माझं मत सियाझला, अर्थात सीटबेल्ट कोरडा आणि स्वच्छ निघाला तर. सिटी घ्यायचीच असेल तर किट न बसवलेली शोधा. या मॉडेलच्या तशा गाड्याही बाजारात येतात, थोडं थांबावं लागेल इतकंच.