मदत हवी आहे: ट्रॅव्हलरमध्ये ‘एक्सपर्ट’ सॉफ्टवेअर घेतलं की कौशल्यांची गरजच संपते का?

धागाकर्ता
नमस्कार मंडळी. ट्रॅव्हलर या अंतराळातल्या भूमिका-खेळाची (मंगूस प्रकाशनाची दुसरी आवृत्ती) मोहीम सुरू आहे, रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा, मी. चमूत मेडिक कोणीच नाही, म्हणून खेळाडूंनी हातातल्या संगणकावर एक्सपर्ट मेडिक/१ घेतलं (एक्सपर्ट म्हणजे पात्राकडे नसलेलं कौशल्य उसनं देणारं सॉफ्टवेअर). आता त्यांना मेकॅनिक, गनर, पायलट अशी सगळीच पॅकेजं हवी आहेत. किंमत फक्त १००० क्रेडिट असल्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नाही. नियमात नेमकी मर्यादा कुठे आहे? आणि टेबलावर हे सॉफ्टवेअर खेळवायचं कसं, म्हणजे ते नुसतं ‘अधिक अमुक’ वाटणार नाही?

प्रतिसाद १
पहिली गोष्ट, पॅकेजचा आकडा म्हणजे कौशल्याची पातळी नव्हे. पातळी त्याहून एकने कमी धरायची. एक्सपर्ट/१ म्हणजे पातळी ०, एक्सपर्ट/३ म्हणजे २.

तरीही /१ स्वस्तात फार देतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. गुणधर्माचा डीएम (फाशांच्या बेरजेत मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा) ० धरा आणि लक्ष्य ८+, म्हणजे बेरीज ८ किंवा जास्त. कौशल्य नसेल तर डीएम −३, म्हणजे दोन फाशांवर ११ लागतात: ३६ पैकी ३ वेळा, ८.३ टक्के. /१ ने तो −३ जातो आणि हेच ४१.७ टक्के होतं, /२ ने ५८.३, /३ ने ७२.२. किंमत मात्र १०००, १०,०००, १,००,००० अशी दसपटीने चढते. खरी उडी पहिल्याच पायरीला आहे. ज्याच्याकडे जॅक-ऑफ-ऑल-ट्रेड्स ३ (न शिकलेली कामंही निभावून नेण्याचं कौशल्य) आहे त्याचा −३ आधीच पुसला गेलेला असतो, त्याला /१ घेऊन काहीच मिळत नाही.

आता तुम्हाला हवी असलेली मर्यादा. एक्सपर्ट फक्त बुद्धी किंवा शिक्षण या गुणधर्मांच्या चाचणीला चालतं. तोफेचा नेम आणि दाटीतून यान वळवणं ही चपळाईची कामं, तिथे ते गप्प. गनर पॅकेजवर त्यांचे पैसे वाया जातील, हे खरेदीआधीच सांगा. लढाईच्या मध्यावर कळलं तर भांडण होतं.

मेडिकचीही एक गोम आहे. प्रथमोपचाराने जखमेत गेलेले किती गुण परत येतात ते इफेक्टवर, म्हणजे बेरीज लक्ष्याच्या किती पुढे वा मागे राहिली त्यावर, ठरतं. पातळी ० आणि शिक्षण ७ (डीएम ०) असलेल्याने नेमके ८ टाकले, तर चाचणी यशस्वी पण इफेक्ट ०, म्हणून जखमी जिथल्या तिथे. वेळ हाताशी असेल तर एक टप्पा सावकाश काम करून डीएम +२ घ्या.

प्रतिसाद २
बँडविड्थ, म्हणजे संगणकाची एका वेळी सॉफ्टवेअर चालवण्याची क्षमता, विसरू नका. संगणक/१ वर कितीही पॅकेजं साठवा, एका वेळी चालणार एकच /१. संगणक/२ वर दोन /१ किंवा एक /२. चमूकडून लिहून घ्या: कोणता संगणक, कोणाच्या हातात, आत्ता काय चालू आहे. टेक लेव्हलही (ग्रहावरच्या तंत्रज्ञानाची पातळी) पाहा. /१ ला ११ लागते, /२ ला १२, /३ ला १३. मागासलेल्या ग्रहावर हे दुकानात मिळणार नाही.

धागाकर्ता
फारच उपयोगी, आभार! मेकॅनिकमध्ये मात्र अडतंय. दुरुस्ती शिक्षणाची की चपळाईची?

प्रतिसाद १
काम दोन चाचण्यांत तोडा आणि साखळी लावा. समजा इंधनाची झडप अडकली आहे. दोष शोधणं शिक्षणावर, एक्सपर्टसह. फासे ९ आले तर इफेक्ट १, त्यामुळे पुढच्या चाचणीला डीएम +२. झडप काढून बसवणं चपळाईवर, कौशल्य नसलेल्या हातांनी, म्हणजे −३. एकूण −१. सल्ला कामी आला आणि हात कच्चे हेही दिसलं. पहिल्या चाचणीत इफेक्ट −२ ते −५ आला तर पुढे −२ जातो: चुकीच्या निदानावर चाललेलं काम.

आणि मेकॅनिक २ असलेलं पात्र पुढे आलं तर त्याला /१ चा डीएम +१ मिळतो, त्याची पातळी कमी होत नाही. जाणकार माणसाच्या हातात हे सॉफ्टवेअर सर्वांत शोभतं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद ३
खेळवण्याबद्दल. स्टॅनफर्डला १९७० च्या दशकात माइसिन नावाची तज्ज्ञप्रणाली झाली, रक्तातल्या जंतुसंसर्गासाठी. ती एकामागून एक प्रश्न विचारायची, उत्तराला खात्रीचा अंक जोडायची आणि ‘हे का विचारतेस?’ म्हटलं की कारण सांगायची. तोच साचा उचला. फासे टाकण्याआधी सॉफ्टवेअरच्या आवाजात तीन प्रश्न विचारा:

‘जखमेतलं रक्त उसळतंय की झिरपतंय?’
‘ओठांचा रंग?’
‘हेल्मेट किती वेळ उघडं होतं?’

खेळाडूने पाहून उत्तर दिलं तर नेहमीची चाचणी. अंदाजाने ठोकून दिलं तर डीएम −२ (हा माझा घरचा नियम, पुस्तकातला नाही). सॉफ्टवेअरला डोळे नाहीत, समोरचा सांगेल तेवढंच त्याला कळतं. स्कॅनर जोडला असेल तर प्रश्न एकावर आणा, मग खेळाडू आपणहून स्कॅनरवर खर्च करू लागतात.

धागाकर्ता
स्कॅनरची कल्पना उचलतो. गनर पॅकेज यादीतून काढायला सांगितलं आहे, त्या पैशात संगणक/२ घेताहेत.