मदत हवी आहे: सावंतवाडीजवळच्या छोट्या कलादालनाचा प्राथमिक आराखडा

नमस्कार मंडळी,

सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या आवारात लहानसे सामुदायिक कलादालन उभारायचे ठरले असून, आराखडा करण्यापूर्वी आपले मार्गदर्शन हवे आहे. भिंती जांभ्याच्या आणि छप्पर मंगळुरी कौलांचे, याबाबत एकमत आहे.

खरी काळजी उजेडाची आणि ओलाव्याची आहे. चित्रांसाठी उत्तरेचा उजेड उत्तम, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, त्यामुळे ऐन मे महिन्यात ऊन थेट आत येण्याची भीती आहे. कागदावरील चित्रांसाठी तर साधारण ५० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) इतकाच प्रकाश सुरक्षित मानतात. मग उत्तरेकडच्या उंच झरोक्यांवर छज्जा किती खोल असावा?

शिवाय जांभा पाणी शोषतो आणि इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पिंगुळीच्या चित्रकथीसारखी कागदी चित्रे अशा भिंतीवर थेट टांगणे मला मुळीच योग्य वाटत नाही. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून लाकडी चौकटी उभ्या केल्या आणि मागून हवा खेळती ठेवली, तर बुरशी रोखता येईल का? कोकणात असे बांधकाम केलेल्यांनी अनुभव अवश्य कळवावा. हाताने काढलेले कच्चे रेखाटनही चालेल.